वस्तरा कोणाच्या हातात?

हरिभाऊ आपटे यांचे नाव आपल्या पोलादपूर तालुक्याला परके नाही. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आपल्याच तालुक्यातले, आणि तानाजीवरची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी हरिभाऊंची. शाळेतल्या पोराला हरिभाऊ माहीत असतात ते या एका कादंबरीमुळे. माझेही तसेच होते. कुडपणच्या डोंगरावरून मी मुंबईला गेलो तेव्हा हरिभाऊ म्हणजे किल्ले, दोर आणि तलवारी असा माझा पक्का समज होता. पुढे एका वाचनालयात, नाव विचित्र वाटले म्हणून, मी ‘पण लक्षात कोण घेतो?’ उचलली. तिच्यात एकही तलवार नाही. हत्यार आहे ते एकच, आणि ते म्हणजे न्हाव्याचा वस्तरा.

त्या कादंबरीविषयी मला आज बोलायचे आहे. विषयाचे नाव व्याख्यानमालेच्या चालकांनी मोठे भारदस्त ठेवले आहे : व्हिक्टोरियाच्या काळातल्या कादंबरीतील धार्मिक प्रतीके आणि सामाजिक रूढी. असे नाव ऐकले की आपल्या मनात इंग्लंडातले धुके आणि घोड्यांच्या गाड्या येतात. पण व्हिक्टोरिया राणीचे राज्य १८३७ पासून १९०१ पर्यंत जसे लंडनवर होते तसेच ते पुण्यावर, मुंबईवर आणि महाडवरही होते (१८३७ साली आपल्याकडे कंपनी सरकार होते आणि राणीचा अंमल थेट आला तो १८५८ साली, इतकाच काय तो फरक). तेव्हा त्या काळात मराठीत लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांनाही व्हिक्टोरियाच्या काळातल्या म्हणायला कोणाची हरकत नसावी.

त्यांतल्या दोन कादंबऱ्यांच्या नायिकांचे नाव एकच आहे. दोघीही यमुना.

पहिली यमुना १८५७ सालची. बाबा पदमनजी यांनी त्या साली ‘यमुनापर्यटन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बहुतेक अभ्यासक तिचेच नाव घेतात. बाबा मूळचे बेळगावचे, कासार समाजातले. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. त्यांची यमुना शिकलेली आहे. ती आपल्या नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडते आणि जिथे जाईल तिथे तिला विधवा भेटतात. कोणी घरातल्या अंधाऱ्या खोलीत, कोणी तीर्थक्षेत्री. एकीची कहाणी संपते न संपते तोच दुसरीची सुरू होते. शेवटी यमुनेचाच नवरा जातो आणि आजवर जे दुसऱ्यांच्या घरी पाहिले ते तिच्या दारात येऊन उभे राहते. बाबांनी तिला एक दार उघडून दिले आहे. ती ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते आणि वाचते.

दुसरी यमुना, घरच्यांची यमू, ही हरिभाऊंची. हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक काढले आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः दिली. तेव्हा त्यांचे वय सव्वीस. कादंबरीत यमू स्वतःच आपली हकीकत सांगते, तीही माजघरातल्या बाईच्या बोलण्यात. पुण्यातले बाळपण, तापट वडील, जीव लावणारा दादा, लवकर झालेले लग्न, सासर. नवरा रघुनाथ भला माणूस आहे. तो तिला लिहावाचायला शिकवतो, मुंबईला आणतो. मुंबईत तिला थोडी मोकळी हवा मिळते, शिकलेल्या माणसांची संगत मिळते. आणि मग रघुनाथ मरतो. तिचे केस तिच्या इच्छेविरुद्ध काढले जातात. हरिभाऊंनी तिला कोणतेही दार उघडून दिलेले नाही. ती धर्म बदलत नाही, पळून जात नाही, तिचे दुसरे लग्न होत नाही. वाचकाच्या हाती फक्त पुस्तकाच्या नावातला तो प्रश्न राहतो.

बाबांच्या यमुनेला एक धर्म बुडवतो आणि दुसरा तारतो. हरिभाऊंचे म्हणणे वेगळे होते. यमूच्या डोक्यावरून जो फिरतो तो धर्म आहे की धर्माचा अंगरखा घातलेली दुसरीच कसली गोष्ट आहे, असे त्यांची कादंबरी विचारते. उत्तर ती तोंडाने देत नाही; शंकरमामंजी नावाचा एक माणूस आपल्यासमोर उभा करते आणि बाजूला होते. मामंजी सोवळ्याचे मोठे कडक. त्यांचे खासगी वर्तन मात्र सोवळ्याच्या आसपासही नाही. घराण्याच्या अब्रूचा आणि शास्त्राचा सगळ्यांत मोठा घोष करणारा माणूस हाच, आणि केशवपनाच्या मागे लागणाराही हाच. कादंबरी वाचणाऱ्याच्या मनात तेव्हापासून एक शंका घर करून राहते : शास्त्र ज्याला इतके हवे आहे त्याला ते नेमके कशासाठी हवे आहे?

आता प्रतीकांकडे येऊ. कुंकू, मंगळसूत्र, काकणे आणि केस. पहिली तीन लग्नात मिळतात, म्हणून नवऱ्याबरोबर जातात असे म्हणण्यात निदान हिशोब तरी आहे. तो क्रूर असेल, पण हिशोब आहे. (वास्तविक कुंकू आणि काकणे मुलगी लग्नाआधीपासून लेते, पण तो वाद बाजूला ठेवू.) केसांचे काय? केस नवऱ्याने दिलेले नसतात. त्यासाठी एक खास युक्तिवाद रचावा लागला. विधवेने वेणी बांधली की परलोकात नवरा त्या वेणीने बांधला जातो, अशा अर्थाचे वचन स्कंदपुराणाच्या काशीखंडातले म्हणून दाखवले जाई. म्हणजे बाईच्या डोक्यावरचे केस हे मेलेल्या माणसाच्या पायातली बेडी झाले! ज्या मनुस्मृतीची होळी १९२७ साली आपल्या महाडात झाली तिच्यात विधवेवर निर्बंध पुष्कळ आहेत, पण केशवपनाची आज्ञा तिच्यातही नाही. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या मोठ्या इतिहासात ही रूढी मूळच्या स्मृतींतली नव्हे, मागाहून शिरलेली आहे, असे सप्रमाण मांडले आहे. पण रूढीला ग्रंथाचा आधार लागतोच असे नाही. केस असलेल्या विधवेच्या हातचे पाणी चालत नाही, तिने रांधलेले देवाला आणि पितरांना पोचत नाही, एवढे शेजारपाजारी कुजबुजले की पुरे होई.

शिवाय धर्माचीच आज्ञा असती तर ती सगळ्यांना लागू व्हायला हवी होती. ती तशी नव्हती. केशवपन हे मुख्यतः ब्राह्मणांच्या आणि त्यांच्यासारखे वागू पाहणाऱ्या थोड्या जातींच्या घरांत होते. कुणबी, मराठा, माळी आणि इतर कष्टकरी जातींत विधवेचा पाट लागे. माझ्या आजीचा पहिला नवरा तरुणपणीच वारला आणि माझ्या आजोबांशी तिचा पाट लागला. त्याची घरात कोणाला लाज नव्हती. देव तेच होते, पंढरी तीच होती. पुढे मुंबईच्या गिरणीतला पगार घरी येऊ लागला, दाराला रंग लागला आणि घराण्याला घराणेपण आले. मग पाट लावणे हलक्याचे ठरले. माझ्या चुलतीला बाविसाव्या वर्षी वैधव्य आले तेव्हा तिच्या पाटाचे नावही कोणी काढले नाही. तिच्या डोक्याला वस्तरा लागला नाही, पण हळदीकुंकवाच्या दिवशी ती मागच्या दारी भांडी घासत बसे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पगार वाढला आणि बाईचा मान घटला. पगार वाढवून मागण्यात ज्याचे आयुष्य गेले त्या माझ्यासारख्याला हे बोलताना जड जाते.

असे का व्हावे, याचे उत्तर मला डॉक्टर आंबेडकरांच्या एका निबंधात मिळाले. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. त्यात त्यांनी मांडलेला हिशोब असा आहे : जात टिकवायची तर लग्न जातीतच व्हायला हवे. त्यासाठी जातीत लग्नाचे पुरुष आणि लग्नाच्या बायका यांची संख्या जुळून राहिली पाहिजे. नवरा मेला की एक बाई जास्तीची होते. तिने जातीबाहेर लग्न केले तर जातीची भिंत पडते. जातीत केले तर एखाद्या कुमारिकेचा नवरा जातो. मग तिचे करायचे काय? एक तर तिला चितेवर घालायचे, नाही तर जिवंत ठेवून असे करायचे की तिच्याकडे कोणी बघू नये. वस्तऱ्याचे काम हे दुसरे. हे वाचल्यावर केशवपनाचे कोडे मला कारखान्यातल्या यंत्रासारखे उलगडले. देवघर, श्राद्ध, परलोक हे सगळे वरचे झाकण. आत चाक फिरते ते जातीचे.

त्या चाकाला वंगण मालमत्तेचे. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली ती १८५६ साली. सुधारकांचा तो मोठा विजय, यात संशय नाही. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात असे होते की पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले. विधवेने मान खाली घालून घरात राहावे यात सासरच्या मंडळींचा किती प्रकारे फायदा होता, हे शंकरमामंजींना कोणी समजावून सांगायला नको होते.

केवळ शंकरमामंजीच असे होते म्हणावे तर तेही खरे नाही. रूढीपुढे भले भले वाकले. ज्या वसंत व्याख्यानमालेची प्रथा आपण आज चालवतो ती पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. विधवाविवाहाचे ते कैवारी. पण १८७३ साली पहिली पत्नी वारली तेव्हा वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी लग्न केले ते अकरा वर्षांच्या कुमारिकेशी. त्या मुलीला त्यांनी शिकवले, तिच्या रमाबाई रानडे झाल्या, हे सगळे खरे. तरीही १८७३ चा तो दिवस पुसता येत नाही. मी हे रानड्यांना उणे आणण्यासाठी सांगत नाही. कादंबरीतला दुष्ट माणूस दाखवणे सोपे असते; चांगल्या माणसाचे हात रूढी कसे वापरते हे ओळखणे अवघड, आणि आपला प्रश्न तोच आहे.

हरिभाऊंनी इंग्रजी कादंबऱ्या खूप वाचल्या होत्या. त्यांच्या पहिल्या कादंबरीला, ‘मधली स्थिती’ला, रेनॉल्ड्स या लोकप्रिय इंग्रज लेखकाचा आधार होता. पण यमूच्या शेजारी ठेवावी अशी इंग्रजी कादंबरी मला विचाराल तर ती थॉमस हार्डीची ‘टेस’. ती प्रसिद्ध झाली १८९१ साली, म्हणजे यमूची कहाणी ‘करमणूक’मधून चालू होती त्याच सुमारास. एकाने दुसऱ्याचे काही वाचून लिहिले असे नाही. दोघांनी आपापल्या गावात तेच पाहिले.

टेस गरीब घरातली मुलगी. श्रीमंत घरचा एक तरुण तिला फसवतो. घरी परत येताना तिला एक मनुष्य भेटतो, तो रंगाचा डबा घेऊन कुंपणांवर आणि भिंतींवर बायबलातली वाक्ये लाल अक्षरांत रंगवत हिंडत असतो. प्रत्येक शब्दापुढे स्वल्पविराम, म्हणजे एकेक शब्द वाचणाराच्या काळजात रुतावा. पापाला शासन होणार, असा त्या अक्षरांचा अर्थ. ज्याने पाप केले तो केव्हाच निघून गेलेला आहे. वाचते आहे ती टेस. तिला मूल होते आणि ते आजारी पडते. मूल मरण्याआधी त्याचा बाप्तिस्मा झाला पाहिजे, नाही तर ते नरकात जाईल, ही तिची श्रद्धा. बाप पाद्र्याला घरात येऊ देत नाही, कारण घराची अब्रू. तेव्हा ती रात्री धाकट्या भावंडांना उठवून बसवते, तोंड धुण्याच्या भांड्यातले पाणी घेते आणि स्वतःच बाळाचा बाप्तिस्मा करते. सकाळी मूल मेलेले असते. ती पाद्र्याला विचारते, मी केलेले देवाला चालेल ना? पाद्री माणूस आहे, त्याला कळवळा येतो. तो म्हणतो, चालेल. मग विधीपूर्वक पुराल ना? ते मात्र नाही. हार्डी म्हणतो की गिऱ्हाइकांनी आपले काम परस्पर ओबडधोबड उरकले तर कारागिराला जसे वाटते तसे त्या पाद्र्याला आधी वाटले होते. देवाला चालले तरी गावाला चालत नाही! बाळ पुरले जाते ते कुंपणाकडेच्या खाजकुइलीच्या कोपऱ्यात, दारुडे आणि आत्महत्या केलेले जिथे पुरत तिथे. टेस दोन काटक्या सुतळीने बांधून क्रूस करते आणि मार्मलेडच्या रिकाम्या बरणीत फुले ठेवते.

पाणी, क्रूस, फुले ही तिच्या धर्माचीच प्रतीके. पाद्र्याच्या हातात असतात तेव्हा ती दार बंद करतात. टेसच्या हातात येतात तेव्हा ती बाळाला जवळ घेतात. आणि गंमत पाहा, ही कादंबरी आधी ज्या साप्ताहिकात क्रमशः आली त्यात हा बाप्तिस्म्याचा भागच गाळावा लागला. पाद्र्याने बाळाला वेशीबाहेर ठेवले आणि साप्ताहिकाने त्या प्रकरणाला! हरिभाऊंना हा त्रास झाला नाही, कारण ‘करमणूक’ त्यांची स्वतःचीच होती. लेखकाच्या हातात छापखान्याची किल्ली असण्याचे महत्त्व आम्हा चळवळीतल्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही.

हातांचा विषय निघालाच आहे. यमूचे केशवपन वाचताना आपण मामंजींवर चिडतो, ते योग्यच आहे. पण मामंजी स्वतः वस्तरा चालवत नाहीत. रूढी बोलते भटजीच्या आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून. तिचे काम करावे लागते ते कोणा तरी कष्टकऱ्याला. आणि त्या न्हाव्याच्या हातावर कामाचा जो रुपया-पैसा पडे त्यावर राणीचे चित्र असे. राणी स्वतः १८६१ पासून विधवा. चाळीस वर्षे तिने काळा पोशाख उतरवला नाही, तोही रूढीचाच भाग. पण नाण्यावर तिचे केस जागच्या जागी आणि केसांवर मुकुट. एका विधवेचे केस काढण्याची मजुरी दुसऱ्या विधवेच्या केसांसकट छापलेल्या नाण्यात मिळत होती. १८५८ च्या जाहीरनाम्यात त्याच राणीने रयतेच्या धर्मात हात घालणार नाही असे वचन दिले होते, तेव्हा सरकार या कामी काही करील अशी आशा नव्हती.

आणि १८९० सालीच, ज्या वर्षी ‘करमणूक’ निघाले त्याच वर्षी, मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा त्यांनी ठराव केला. त्याची बातमी थेट लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये गेली. या सभेमागे नारायण मेघाजी लोखंडे होते. सत्यशोधक, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, आणि १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे. आमच्या चळवळीचे ते मूळपुरुष.

सुधारक तेव्हा काय करीत होते? ते शास्त्री लोकांशी वाद घालीत होते, या ओळीचा अर्थ असा की तसा. मलबारी टिपणे लिहीत होते. आगरकर ‘सुधारका’तून आगपाखड करीत होते, आणि ती आगपाखड आजही वाचावी अशी आहे. पण या सगळ्यांचे बोलणे होते ज्याच्या घरात विधवा आहे त्याच्याशी. लोखंड्यांनी पाहिले की हे काम शेवटी ज्याच्या हातून होते त्याच्याशी कोणी बोललेलेच नाही. गिरणीतल्या माणसाला हे सुचणे साहजिक होते. मालक कितीही मोठा असो, मागावर हात नसला तर कापड निघत नाही.

ही सभा मुंबईत का होऊ शकली आणि आपल्याकडे खेड्यात का होऊ शकली नसती, हेही समजून घेतले पाहिजे. खेड्यातला न्हावी बलुतेदार. सुगीला घराघरातून धान्य मिळणार त्यावर त्याचे वर्ष जायचे. एका वाड्याला नाही म्हटले तर सगळे गाव बलुते तोडू शकते. मुंबईतल्या न्हाव्याला रोकड मिळे. एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे येई, आणि आपल्यासारखेच शेकडो हमपेशे एका शहरात असत, म्हणून सभा भरवता येई. नकार द्यायला नुसते धैर्य पुरत नाही; उद्याची भाकर आणि शेजारी उभा राहणारा माणूस या दोन्ही गोष्टी लागतात. यमूला दोन्ही नव्हत्या.

त्याच १८९० सालच्या एप्रिलमध्ये लोखंड्यांनी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा घेतली. तिथे दोन बायका बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असे लोखंडे सांगत. साहेबाचा प्रार्थनेचा दिवस आणि आमच्या खंडोबाचा दिवस एकच निघाला, आणि त्या जोरावर मजुराला आठवड्यातून एक दिवस पाय पसरायला मिळाले. केसांच्या बाबतीत जो माणूस धर्माच्या नावावर चालणारे काम बंद पाडत होता, तोच माणूस सुट्टीच्या बाबतीत देवाचा वार पुढे करीत होता. मला यात काही विसंगती दिसत नाही.

न्हाव्यांच्या ठरावाने केशवपन थांबले असे मात्र कोणी समजू नये. त्यानंतर कित्येक वर्षे ते चालू राहिले. ते हटले ते शाळांनी, आश्रमांनी आणि एकेका बाईच्या हिमतीने. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले यांचे केशवपन झालेले होते; त्याच स्थितीत त्या अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, आणि पुढे एके दिवशी त्यांनी केस वाढू दिले. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आणि महाडात, डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी, बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे बोलताना काय सांगितले? जातीची खूण म्हणून अंगावर वागवायला लावलेले दागिने टाका, लुगडे पायापर्यंत नेसा. यमूच्या अंगावरची खूण जबरदस्तीने काढून घेतली होती. या बायकांच्या अंगावर ती जबरदस्तीने ठेवली होती. त्यांनी ती स्वतःच्या हातांनी उतरवली.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती मी बरीच वर्षे कोणाला सांगितली नव्हती. एका कारखान्यात अपघात झाला आणि आमच्या संघटनेतला एक तरुण गेला. गाव, कारखाना काही सांगत नाही. नुकसानभरपाईचे कागद करायला मी त्याच्या घरी गेलो. अर्जाला बाईचा फोटो हवा होता. तिने पेटीतून एक फोटो काढला. कुंकू लावलेला, मंगळसूत्र घातलेला. म्हणाली, “भाऊ, ह्यो चालंल का? यांनी जत्रंत हौसेनं काढला व्हता.” मी म्हटले, न चालायला काय झाले? खिडकीवर गेल्यावर कारकुनाने अर्ज परत सरकवला. विधवा म्हणून अर्ज आणि फोटोत कुंकू कसे? असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. मला ते ठाऊक होते. पण बारा फायली बगलेत होत्या, शेवटची गाडी गाठायची होती, आणि काम व्हायला हवे होते. दुसऱ्या दिवशी मी त्या घरी परत गेलो आणि म्हणालो, “ताई, कपाळ पुसून एक फोटो काढून या.” तिने काढून आणला. पैसे मिळाले.

‘पण लक्षात कोण घेतो?’ मी पुन्हा वाचली ती त्यानंतर. पहिल्या वाचनात मी आपला यमूच्या बाजूला बसलो होतो. दुसऱ्या वाचनात मला माझी जागा सापडली. मी मामंजी नव्हतो. मला बोलावून आणलेले होते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे गावात बंद. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनीही असे करावे असे सुचवले. केशवपनाला जाऊन कैक वर्षे झाली आणि काकणांचा ठराव आत्ता होतो आहे, यावरून एकेका खुणेला किती काळ लागतो याचा अंदाज येतो. आमच्या संघटनेने ठराव वगैरे केला नाही. फोटो बाईला हवा तो लावायचा, एवढे ठरवले. गेल्या वर्षी एका खिडकीवर पुन्हा तोच प्रश्न आला. आमच्या कार्यकर्त्या पोराने विचारले, कुठल्या कलमात आहे ते दाखवा. कारकुनाने थोडा वेळ कागद चाळले आणि शिक्का मारून अर्ज आत घेतला.

जत्रेतला तो फोटो अजून आमच्या दप्तरात त्या जुन्या फायलीला टाचलेला आहे. ती तो मागायला आली नाही, आणि मी नेऊन दिलेला नाही.